खांबाविना चाळीस मीटर : बर्लिनच्या बंद पडलेल्या विमानतळाच्या दोन फेऱ्या

बर्लिनमध्ये राहायला येऊन मला नऊ वर्षे झाली. या काळात घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ब्रांडेनबुर्ग तोरण, भिंतीचे उरलेले तुकडे आणि संसदेवरचा काचेचा घुमट दाखवण्याचा परिपाठ मी पाळत आले. परंतु यंदा मे महिन्यात आई-बाबा नाशिकहून आले, तेव्हा त्यांना मी सर्वांत आधी टेम्पलहोफला नेले. शहराच्या ऐन वस्तीत, ३०० हेक्टरांहून मोठ्या सपाट माळाच्या कडेला उभा असलेला हा विमानतळ ३० ऑक्टोबर २००८ रोजी कायमचा बंद झाला. त्याची इमारत मार्गदर्शकाबरोबर तिकीट काढून आतून पाहता येते, आणि तिच्यासमोरचे धावपट्ट्यांचे मैदान कोणालाही विनाशुल्क खुले आहे. आम्ही इमारतीच्या दोन वेगवेगळ्या फेऱ्या लागोपाठच्या दोन शनिवारी केल्या : पहिली इमारतीच्या एकूण इतिहासाची, आणि दुसरी तळघरे, आश्रयस्थाने व सहसा बंद असणाऱ्या जागांची. बर्लिनला येणाऱ्या मराठी माणसाने वेळ काढून पाहावे अशा जागांमध्ये मी टेम्पलहोफला फार वरचे स्थान देईन. ज्या कामासाठी ही इमारत बांधली, ते काम तिने मूळ आराखड्याप्रमाणे कधीच केले नाही, आणि जी कामे तिने प्रत्यक्षात केली, ती बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हती. एवढी एक गोष्ट मनात ठेवून फेरीला गेले, की आतली प्रत्येक खोली बोलकी होते.

आधी तिकिटांबद्दल सांगते, कारण तिथे आमची फसगत झाली. घाईघाईत मी पर्यटनाची तिकिटे विकणाऱ्या एका भलत्याच संकेतस्थळावरून इंग्रजी फेरीचे आरक्षण केले, आणि प्रवेशाच्या वेळी कळले की आमच्या हाती पडलेली तिकिटे जर्मन फेरीची आहेत. पैसे परत मिळवण्यासाठी मी तीन पत्रे लिहिली आणि शेवटी तो नाद सोडून दिला. त्यामुळे विमानतळाच्या इमारतीच्या स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आरक्षण करावे, फेरीची भाषा दोनदा तपासावी आणि शनिवार-रविवारची फेरी हवी असल्यास काही दिवस आधी जागा धरून ठेवावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. फेऱ्या जर्मन आणि इंग्रजीत होतात. आम्हाला लाभलेल्या दोन्ही मार्गदर्शकांचे इंग्रजी स्वच्छ, संथ आणि आई-बाबांना सहज कळेल असे होते, आणि प्रश्न विचारणाऱ्याला थांबून उत्तर देण्याची त्यांची तयारी मला फार आवडली.

भुयारी रेल्वेच्या सहा क्रमांकाच्या मार्गावर ‘प्लाट्स डेअर लुफ्टब्र्युके’, म्हणजे ‘हवाई पुलाचा चौक’, या स्थानकावर उतरायचे. या रेल्वेचेही विमानतळाशी जुने नाते आहे. १९२७ साली याच मार्गावर पुढच्या बाजूला जे स्थानक सुरू झाले, त्याने टेम्पलहोफ हा भुयारी रेल्वेने शहराशी जोडलेला जगातला पहिला विमानतळ ठरला. ते स्थानक आज पाराडेश्ट्रासे या नावाने ओळखले जाते. चौकात वर आले की समोर काँक्रीटची एक उंच कमान अर्धवट वाकून उभी दिसते, आणि तिच्या टोकाला तीन दाते आकाशाकडे वळलेले असतात. १९५१ साली उभारलेले हे हवाई पुलाचे, म्हणजे १९४८-४९ च्या नाकेबंदीत विमानांनी शहराला माल पुरवण्याच्या मोहिमेचे, स्मारक आहे. तीन दाते म्हणजे पश्चिम जर्मनीतून बर्लिनकडे येणारे तीन हवाई मार्ग. बर्लिनकरांनी त्याला ‘भुकेचे दाताळे’ असे नाव दिले असून, शहरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी आजही तेच नाव आहे. फेरीच्या वेळेआधी किमान वीस मिनिटे येऊन हे स्मारक आणि प्रवेशद्वारासमोर ठेवलेले गरुडाचे मस्तक पाहून घ्यावे, कारण पुढे त्यासाठी वेळ मिळत नाही.

त्या गरुडाची कथा मार्गदर्शकाने आम्हाला मस्तकाशेजारी उभे करून सांगितली. साडेचार मीटर उंचीचा हा गरुड मुळात नाझी राजवटीचे चिन्ह म्हणून इमारतीच्या माथ्यावर बसवलेला होता. युद्धानंतर अमेरिकन सैन्य इथे आले, तेव्हा त्यांनी त्याचे डोके पांढरे रंगवले आणि त्याला आपल्या देशाच्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचे रूप दिले. १९६२ साली छपरावर रडार बसवण्यासाठी पुतळा उतरवण्यात आला, त्याचे मस्तक अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट सैनिकी अकादमीत गेले आणि १९८५ साली ते बर्लिनला परत आले. या इमारतीच्या बाबतीत पुढे जे जे ऐकायला मिळाले, त्याची चुणूक मला या एका धातूच्या मस्तकात दिसली.

इमारतीच्या आधीचा इतिहास फेरीत थोडक्यात येतो, आणि ते योग्यच आहे. टेम्पलहोफ हे नाव मध्ययुगात इथली जमीन ज्यांच्याकडे होती, त्या टेम्प्लर सरदारांवरून पडले. पुढे हा माळ प्रशियाच्या सैन्याच्या कवायतीसाठी वापरला जाई, आणि रविवारी बर्लिनकर कुटुंबे इथे सहलीला येत. सप्टेंबर १९०९ मध्ये ऑर्व्हिल राइट याने याच माळावर हजारो लोकांसमोर आपले विमान उडवून दाखवले. ८ ऑक्टोबर १९२३ रोजी इथे अधिकृत विमानतळ सुरू झाला, आणि १९२६ च्या जानेवारीत लुफ्ट हान्सा या विमान कंपनीची स्थापना झाल्यावर टेम्पलहोफ पाहता पाहता युरोपातला एक अत्यंत गजबजलेला विमानतळ बनला. त्या काळातले टर्मिनल आज उरलेले नाही. आपण पाहतो ती इमारत त्यानंतरची आहे.

वास्तुविशारद एर्न्स्ट झागेबील यांच्या आराखड्यानुसार १९३६ साली या नव्या इमारतीचे काम सुरू झाले, आणि युद्ध भडकल्यावर १९४१ च्या सुमारास ते अर्धवट थांबले. तिची लांबी कमानीसारख्या वळणाने सुमारे १.२ किलोमीटर भरते, आणि एकूण क्षेत्रफळ ३ लाख चौरस मीटरच्या घरात जाते. फेरीच्या सुरुवातीला ज्या दालनातून आत जातो, त्याचे छत एवढ्या प्रचंड इमारतीच्या मानाने बुटके वाटते. त्याचे कारण असे, की मूळ उंच दालनाला युद्धानंतर मधे एक खोटे छत घालून दोन भागांत तोडले गेले, आणि राजवटीचा दरारा वाटावा म्हणून योजलेली ती उंची आजही त्या छताच्या वर अंधारात तशीच आहे. पुढचे मुख्य दालन मात्र डोळ्यांत मावत नाही. दोन्ही बाजूंनी चौकोनी खांबांच्या रांगा, उंचावरच्या खिडक्यांतून येणारा पांढरा उजेड, चेक-इनचे रिकामे काउंटर आणि सामानाचा थांबलेला पट्टा हे सर्व जसेच्या तसे ठेवलेले आहे. नागरी प्रवाशांसाठी हे मुख्य दालन १९६२ साली खुले झाले. म्हणजे ज्या राजवटीने ते योजले, तिच्या काळात एकाही प्रवाशाने तिथे आपले सामान तोलले नाही. ही गोष्ट मार्गदर्शकाने सहज सांगितली आणि पुढे चालू लागला, परंतु माझ्या मते तिथे आणखी दोन मिनिटे थांबायला हवे होते.

दालनाच्या मागच्या दारातून आपण विमाने उभी राहत त्या बाजूला जातो, आणि इथे आमची फेरी अक्षरशः खोळंबली, कारण बाबा जागचे हलेनात. बाबांची सारी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. पूल, सरकारी वसाहती, धरणाच्या बाजूची कार्यालये हे सर्व त्यांनी हाताखालून घातलेले आहे. या ठिकाणी इमारतीचे छप्पर विमानांच्या दिशेने सुमारे ४० मीटर पुढे आलेले आहे, त्याची लांबी जवळपास ३८० मीटर आहे, आणि त्याला पुढच्या बाजूला एकही खांब नाही. विमान थेट या छपराखाली येऊन उभे राहावे, आणि प्रवाशाने पावसाचा एक थेंबही अंगावर न घेता शिडीवर पाय ठेवावा, अशी ती योजना होती. बाबा मान वर करून त्या पोलादी गर्डरांकडे पाहत राहिले आणि मला म्हणाले, “अगं, आम्ही घराच्या खिडकीवर दोन-अडीच फुटांचा सज्जा काढताना मागच्या वजनाचा हिशेब दोनदा मांडायचो. इथे चाळीस मीटर काढलाय आणि ऐंशी वर्षांत खाली आलेला नाही.” मार्गदर्शकाने आधी ज्याला अभियांत्रिकीचे आश्चर्य म्हटले होते, ते मला या सज्ज्याच्या तुलनेमुळे खऱ्या अर्थाने समजले.

या छपराच्या वरही एक योजना होती. विमानांची प्रात्यक्षिके पाहण्यासाठी सुमारे ८०,००० लोकांना छपरावर बसवायचे, म्हणजे सारा विमानतळच एका प्रचंड प्रेक्षागाराचा सज्जा व्हावा, असे झागेबील यांच्या आराखड्यात होते. लोकांना वर नेण्यासाठी जिन्यांचे मनोरे बांधले गेले, आणि इमारतीच्या माळाकडच्या बाजूला ते ठरावीक अंतराने आजही दिसतात. ते प्रेक्षक कधी आलेच नाहीत. प्रवासी, सामान, टपाल आणि माल यांच्यासाठी वेगवेगळे मजले ठेवण्याची कल्पना मात्र त्या काळाच्या पुष्कळ पुढची होती, आणि नंतरच्या पिढ्यांनी बांधलेल्या विमानतळांत ती सर्वत्र दिसते.

पहिल्या फेरीचा सर्वांत जास्त वेळ हवाई पुलाच्या कथेला दिलेला आहे, आणि ती कथा त्याच छपराखाली उभे राहून ऐकण्यात विशेष अर्थ आहे. जून १९४८ मध्ये सोव्हिएत प्रशासनाने, आपल्या ताब्यातल्या प्रदेशाने चहूबाजूंनी वेढलेल्या पश्चिम बर्लिनकडे येणारे रस्ते, रेल्वेमार्ग आणि जलमार्ग अडवले. २० लाखांहून अधिक लोकांचे शहर अन्नाविना आणि इंधनाविना अडकले, तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन यांनी सारे काही विमानांतून आणायचे ठरवले. २६ जून १९४८ रोजी सुरू झालेली ही वाहतूक ३० सप्टेंबर १९४९ पर्यंत चालली, खरे तर नाकेबंदी १२ मे १९४९ रोजीच उठली होती. एकूण २,७८,००० च्या आसपास उड्डाणे झाली आणि सुमारे २३ लाख टन माल आला. या मालात दोनतृतीयांशाच्या आसपास वाटा कोळशाचा होता. आपल्या मनात हवाई मदत म्हटले की धान्याची पोती आणि औषधांचे खोके येतात. कोळशासारखी जड, स्वस्त आणि काळी धूळ उडवणारी वस्तू विमानातून आणावी लागली, यावरून त्या शहराची अडचण किती खोल होती ते कळते.

सुरुवातीच्या दिवसांतला गोंधळ आणि नंतरची शिस्त यांतला फरक मार्गदर्शकाने फार चांगला उलगडला. १३ ऑगस्ट १९४८ रोजी दाट ढग आणि पाऊस असताना टेम्पलहोफवर विमानांची एवढी दाटी झाली, की एक विमान धावपट्टीच्या टोकाशी कोसळून पेटले आणि बाकीची शहरावर घिरट्या घालत राहिली. त्या विमानांपैकी एकात या मोहिमेचे प्रमुख जनरल विल्यम टनर स्वतः होते. त्यानंतर त्यांनी नियम घातला, की ज्या वैमानिकाला पहिल्या प्रयत्नात उतरता येणार नाही, त्याने दुसरा प्रयत्न न करता भरल्या विमानानिशी तळावर परत जावे. विमाने ठरावीक अंतराने, एकाच दिशेच्या मार्गाने येऊ लागली आणि मधल्या मार्गाने परत जाऊ लागली. वैमानिकांनी विमानापासून दूर जाऊ नये म्हणून खाण्याची गाडीच विमानाजवळ येऊ लागली, आणि माल उतरवण्याचे काम बर्लिनच्या माणसांनी हातात घेतले. ईस्टरच्या सुमारास, १६ एप्रिल १९४९ रोजी संपलेल्या २४ तासांत बर्लिनमध्ये १,३९८ उड्डाणे होऊन १२,९४१ टन माल उतरला. आकडे मला एरवी लक्षात राहत नाहीत, परंतु ज्या फरशीवर त्यातली काही पोती पडली, तिथे उभे राहून ऐकलेला हा आकडा मी विसरणार नाही.

गेल हॅल्व्हर्सन या तरुण अमेरिकन वैमानिकाची गोष्ट आईला सर्वांत भावली. जुलै १९४८ मध्ये विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या मुलांशी तो बोलायला गेला. त्याच्या खिशात च्युइंग गमच्या दोनच कांड्या होत्या. मुलांनी त्यांचे बारीक तुकडे करून वाटून घेतले, आणि ज्यांच्या वाट्याला तुकडा आला नाही, त्यांनी वेष्टनाचा कागद हुंगून पुढे दिला. उद्या विमानातून काहीतरी टाकतो, आणि माझे विमान ओळखू यावे म्हणून पंख हलवतो, असे त्याने त्यांना सांगितले. आणि हातरुमालांची छोटी हवाई छत्री करून तिला चॉकलेट बांधून ते खाली सोडले. पुढे इतर वैमानिकही त्याला सामील झाले आणि २० टनांहून अधिक खाऊ असा आकाशातून पडला. बर्लिनकर त्या मालवाहू विमानांना आजही प्रेमाने ‘मनुकांचे बॉम्बर’ म्हणतात. तीन-चार वर्षांपूर्वी याच आकाशातून खरे बॉम्ब पडले होते, हे लक्षात घेतले की त्या नावातली माया कळते.

यानंतरच्या दशकांतला एक भाग फेरीत फार थोडक्यात आला, आणि मला तो अधिक हवा होता. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतून पळून पश्चिम बर्लिनमध्ये आलेल्या लोकांना रस्त्याने किंवा रेल्वेने पश्चिम जर्मनीत जाणे धोक्याचे होते, कारण तो मार्ग पुन्हा पूर्व जर्मनीतूनच जाई. त्यांना टेम्पलहोफवरून विमानाने बाहेर नेले जाई, आणि १९६१ साली भिंत उभी राहीपर्यंत हा विमानतळ त्यांच्यासाठी सुटकेचे सुरक्षित दार होता. बर्लिनच्या हवाई मार्गांतून फक्त दोस्त राष्ट्रांच्या कंपन्यांनाच उडता येत असल्यामुळे अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीची, ब्रिटिश आणि फ्रेंच विमाने इथे दिसत, आणि लुफ्ट हान्साचा जिथे जन्म झाला, तिथे तिच्या वारसदार कंपनीला मात्र मज्जाव होता. जेट विमानांना आखूड धावपट्ट्या अपुऱ्या पडू लागल्यावर १९७५ साली नियमित प्रवासी वाहतूक टेगेल विमानतळाकडे गेली.

वरच्या मजल्यावर अमेरिकन सैनिकांसाठी केलेले बास्केटबॉलचे दालन आहे. लाकडी फळ्यांची जमीन, तिच्यावरच्या झिजलेल्या रेषा आणि दोन्ही टोकांच्या जाळ्या अजून जागच्या जागी आहेत. मूळ आराखड्यात या उंचीवर असे काही नव्हते. याच इमारतीत एक विलक्षण खटलाही चालला : ऑगस्ट १९७८ मध्ये पूर्व जर्मनीच्या एका नागरिकाने खेळण्यातल्या पिस्तुलाच्या धाकावर पोलंडचे प्रवासी विमान टेम्पलहोफवर उतरवले, आणि त्याच्यावर बर्लिनसाठी खास स्थापन केलेल्या अमेरिकन न्यायालयात, जर्मन ज्युरींसमोर खटला चालवण्यात आला. एका शहराचा कारभार चार देशांच्या सैन्यांमध्ये वाटलेला असला की कायदा कोणाचा, हा प्रश्न किती अवघड होतो, ते या एका खटल्यातून दिसते.

दुसरी फेरी पहिलीपेक्षा शांत, थंड आणि जड आहे. तळघरातल्या आश्रयस्थानांच्या भिंतींवर विल्हेल्म बुश या जर्मन चित्रकाराच्या विनोदी पात्रांची चित्रे काढलेली आहेत. बॉम्बवर्षाव चालू असताना खाली बसलेल्या माणसांचे मन रमावे म्हणून ती काढली गेली. रंग फिकट झालेले असले तरी आकृत्यांच्या चेहऱ्यांवरचे हसू स्पष्ट दिसते, आणि जाड काँक्रीटच्या त्या खोलीत ते हसू पाहताना घशाशी आवंढा येतो. तिथून पुढे एका अरुंद मार्गाने चित्रफितींच्या बंकरमध्ये नेतात. हवाई छायाचित्रांच्या फिल्मचा साठा तिथे होता, आणि १९४५ साली युद्धाच्या अखेरीस तो पेटला. सेल्युलॉइडच्या त्या आगीची काजळी भिंतींवर अजून आहे. मार्गदर्शकाने विजेरीचा झोत भिंतीवर टाकला तेव्हा उजेड परत येईना. काळेपणाने तो गिळून टाकला. भिंतींना हात लावू नका, असे सांगितले जाते, आणि ते पाळावे.

याच इमारतीच्या हँगारांत आणि खालच्या रेल्वे-बोगद्यात युद्धकाळात लढाऊ विमाने जोडली जात. वेझर कंपनीच्या या कामासाठी पोलंड, सोव्हिएत संघ, फ्रान्स आणि इतर देशांतून धरून आणलेल्या हजारो माणसांना वेठीला जुंपलेले होते, आणि त्यांच्या लाकडी बराकी समोरच्या माळाच्या कडेला होत्या. अलीकडच्या काळात पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन करून बराकींचे पाये आणि त्या माणसांच्या रोजच्या वापराच्या वस्तू उजेडात आणल्या. म्हणजे ज्या इमारतीत एकही प्रवासी आला नव्हता, तिच्यात बॉम्बफेकी विमाने मात्र तयार होत होती.

कोलंबिया-हाउसचा विषय दोन्ही फेऱ्यांत येतो, परंतु दोन तासांच्या मर्यादेत त्याला मिळणारी काही मिनिटे अपुरी पडतात, असे मला प्रामाणिकपणे वाटते. विमानतळाच्या उत्तर कडेला असलेल्या एका जुन्या लष्करी तुरुंगात १९३३ साली गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, राजकीय विरोधकांना कोंडायला सुरुवात केली, आणि पुढे एस.एस. या नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाने तिथे छळछावणी चालवली. १९३६ च्या नोव्हेंबरपर्यंत किमान ८,००० माणसे तिथे डांबली गेली. त्या छावणीचा एक प्रमुख कार्ल ओटो कोख हा पुढे बुखेनवाल्डच्या छळछावणीचा कमांडंट झाला. नव्या विमानतळाच्या बांधकामासाठी १९३८ साली ती इमारत पाडण्यात आली, म्हणून आज फेरीत दाखवायला काही उरलेले नाही. कोलंबियाडाम रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला १९९४ साली उभारलेले स्मारक आहे. मूळ जागेवर नव्हे, तर तिच्या समोर. फेरी संपल्यावर तिथपर्यंत चालत जावे. आम्ही गेलो तेव्हा स्मारकाशी एक ताजे फूल ठेवलेले होते आणि आई बराच वेळ काही बोलली नाही.

विमानतळ बंद करण्याचा निर्णय बर्लिनकरांनी सुखासुखी स्वीकारला नव्हता. २७ एप्रिल २००८ रोजी झालेल्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी तो चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. पण एकूण मतदारांपैकी किमान एकचतुर्थांश लोकांचा होकार लागत होता, आणि तो २१.७ टक्क्यांवर थांबला. ३० ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपूर्वी काही मिनिटे एक जुने युंकर्स आणि एक ‘मनुकांचा बॉम्बर’ अशी दोन विमाने एकाच वेळी उडाली आणि धावपट्टीचे दिवे मालवण्यात आले. मे २०१० मध्ये माळ लोकांसाठी खुला झाला. त्याच्या कडेने सुमारे ४,७०० घरे आणि एक मोठे ग्रंथालय बांधण्याची शहर सरकारची योजना होती, परंतु २५ मे २०१४ च्या दुसऱ्या सार्वमतात ६४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी बांधकामाला नकार दिला, आणि तो नकार कायद्यात उतरला. घरांची टंचाई या शहरात मी रोज पाहते, भाड्याची चिंता मलाही आहे, तरीही तो नकार मला पटतो. मोकळी जमीन एकदा गेली की ती कोणत्याही सार्वमताने परत येत नाही.

२०१५ च्या शरद ऋतूत सीरिया, इराक, अफगाणिस्तानातून आलेल्या दोन हजारांहून अधिक निर्वासितांना याच हँगारांत पडदे आणि आडभिंती घालून राहायला जागा दिली गेली, आणि नंतर विमाने उभी राहत त्या फरसबंदीवर कंटेनरची वस्ती उभी राहिली. त्याच फरसबंदीवर विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या शर्यती झाल्या. मार्गदर्शकाने ही दोन वाक्ये पाठोपाठ सांगितली, तेव्हा गटातल्या कोणीही काही विचारले नाही.

व्यावहारिक बाबी सांगायच्या तर, दोन्ही फेऱ्या प्रत्येकी सुमारे दोन तासांच्या आहेत, जिने पुष्कळ आहेत, आणि मधे बसायची सोय तुरळक आहे. आईच्या गुडघ्यांना पहिल्या फेरीत त्रास झाला, म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही घडीचे छोटे स्टूल बरोबर नेले. तळघरांत मे महिन्यातही हुडहुडी भरते, त्यामुळे स्वेटर जवळ असू द्यावा. फार लहान मुलांना दुसऱ्या फेरीला नेऊ नये. फेरी झाली की थेट घरी न जाता माळावर जावेच, कारण इमारत आतून कितीही पाहिली तरी तिचा आकार कळतो तो धावपट्टीवरून मागे वळून पाहिल्यावरच. दोन समांतर धावपट्ट्या आहेत, प्रत्येकीची लांबी दोन किलोमीटरच्या आसपास. लोक त्यांच्यावर सायकली चालवतात, पतंग उडवतात, शीड लावलेल्या फळीवर वाऱ्याने पळतात. वसंतात गवताचे मोठे पट्टे दोर लावून बंद ठेवलेले असतात, कारण चंडोलाच्या जातीचे पक्षी तिथे जमिनीवर घरटी करतात, आणि सरळ वर चढत जाणारे त्यांचे गाणे धावपट्टीवरूनही ऐकू येते. उत्तरेकडच्या हाजेनहाइडे बागेच्या कडेला गणपतीचे देऊळ आहे. आम्ही दुसऱ्या शनिवारी सकाळी आधी तिथे जाऊन मग फेरीला आलो, आणि पायी अंतर आईलाही जमण्यासारखे होते.

माळाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद होतात, म्हणून परतीची दिशा आधीच ठरवावी. शक्य असेल तर पश्चिमेला इमारतीकडे मागे न येता धावपट्टीच्या मधल्या रेषेवरून पूर्वेला शेवटपर्यंत चालत जावे आणि ओडरश्ट्रासेच्या दारातून नॉयकोल्न या वस्तीत बाहेर पडावे. दारासमोरच पाच मजली जुन्या घरांच्या रांगा सुरू होतात. पश्चिमेचा वारा असला की कोळशाने भरलेली विमाने याच घरांच्या धुराड्यांवरून खाली येत.